कैलासवासी कामावर आहेत

नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑस्ट्रियाच्या शेवटच्या सम्राटानं राज्यकारभारातून अंग काढून घेतलं. पण व्हिएन्नातल्या त्याच्या घरासमोरची रांग अजून हललेली नाही. साम्राज्य होतं तेव्हा आत जायला वशिला लागायचा, आता ऑनलाइन स्लॉट लागतो. आपल्याकडे तेव्हा पहिला नव्हता, आता दुसरा नसतो. हॅब्सबर्ग घराण्यानं सहाशेहून जास्त वर्षं युरोपचा मोठा तुकडा आपल्या मुठीत ठेवला. आज त्यातले बरेच जण एका चर्चच्या तळघरात आडवे आहेत आणि तिथूनच शहराचा प्रपंच चालवताहेत. छत्र्या, मग, उशांचे अभ्रे, चॉकलेटचे डबे, फ्रिजवरचे मॅग्नेट, सगळं त्यांच्या जिवावर. जिवंत व्हिएन्नाकर मात्र दिसतात ते कॉफीच्या टेबलाशी, वर्तमानपत्रात डोकं घालून. कामाची वाटणी या शहरानं फार पूर्वीच करून टाकलेली दिसते. मेलेल्यांनी कमवायचं, जिवंतांनी बसायचं आणि पर्यटकानं दोघांच्या मधे धावायचं.

धावणारे आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि माझी मावशी. मावशी पोस्टातून निवृत्त झालेली. हयात अल्पबचतीच्या खिडकीमागे गेल्यामुळे भव्यदिव्य काही समोर आलं तरी ती भारावत नाही. हे पुसतं कोण आणि याचे पैसे कोण भरतं, हे दोन प्रश्न तिला आधी पडतात. व्हिएन्ना बघायला याहून लायक माणूस मला माहीत नाही.

कामाला लावलेल्या मृतांमध्ये सगळ्यात जास्त पिळवणूक मोझार्टची. सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या चौकात पाऊल टाकलं की दोन-चार मोझार्ट एकदम अंगावर येतात. पांढरा विग, लाल डगला, सोनेरी काठ आणि खाली स्पोर्ट्स शूज. हे संध्याकाळच्या मैफलींची तिकिटं विकतात. एक मोझार्ट सिगारेट ओढत असतो, दुसरा फोनवर कुणाशी तरी कडाकडा भांडत असतो, तिसरा आपल्याला हेरून ‘इंडिया? नमस्ते!’ म्हणत फाइल उघडतो. मावशीनं त्याला ज्येष्ठ नागरिकांचा दर विचारला. त्यानं सांगितला. मावशीनं त्याच्या निम्मा सांगितला. मोझार्टनं छातीवर हात ठेवून आकाशाकडे पाहिलं आणि तो एका कोरियन जोडप्याकडे वळला.

खरा मोझार्ट १७८१ मध्ये या शहरात राहायला आला आणि दहा वर्षांनी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी इथंच गेला. सेंट मार्क्सच्या दफनभूमीत त्याला सर्वसामान्यांच्या जागेत पुरलं. नेमकं कुठे, ते पुढं कुणालाच खात्रीनं सांगता येईना. ज्या माणसाचा शेवटचा पत्ता शहरानं हरवला, त्याच्या नावाचं चॉकलेट आता कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. तेही साल्झबर्गच्या एका मिठाईवाल्यानं त्याच्या मृत्यूनंतर ९९ वर्षांनी काढलेलं. रॉयल्टीचा प्रश्नच मिटला.

बीथोवनचं उलटं. त्याचे पत्ते उदंड आहेत. १७९२ ते १८२७ या काळात त्यानं साठाहून जास्त वेळा बिऱ्हाड हलवलं, असं सांगतात. त्यामुळे शहरात कुठेही दम खायला थांबा, मागच्या भिंतीवर ‘इथे बीथोवन राहत असे’ ही पाटी निघण्याची शक्यता दांडगी. रात्री-अपरात्री पियानो बडवायचा, डोक्यावर घागरीनं पाणी ओतून घ्यायचं आणि ते खालच्या मजल्यावर गळायचं, अशी या भाडेकरूची कीर्ती होती. भिंतीवर पाट्या त्याच्या लागल्या. ज्यांच्या छतातून पाणी गळलं त्या खालच्या मजल्यावरच्यांची बाजू कुणी ऐकून घेतलेली नाही.

शोनब्रुन राजवाड्यात १,४४१ खोल्या आहेत. आपल्याला त्यातल्या चाळीसेक दाखवतात, आणि दहाव्या खोलीनंतर उरलेल्या चौदाशे न दाखवल्याबद्दल मन कृतज्ञतेनं भरून येतं. प्रत्येकाच्या कानाला ऑडिओ गाइड. एका दालनात तीस माणसं, चिडीचूप, आणि मग सगळ्यांच्या माना एकदम डावीकडे वळतात, कारण डावीकडे मारिया थेरेसा आहे. हिनं चाळीस वर्षं राज्य केलं आणि सोळा मुलांना जन्म दिला. सहा वर्षांच्या मोझार्टनं १७६२ मध्ये याच राजवाड्यात तिच्यापुढे वाजवून दाखवलं आणि मग टुणकन तिच्या मांडीवर उडी मारली, अशी कथा आहे. “सोळा घरात असताना सतरावं मांडीवर कशाला घेईल बाई?” मावशी म्हणाली. ऑडिओ गाइडकडे याचं उत्तर नव्हतं.

मावशीला आवडला तो फ्रान्झ जोसेफ. हा १८४८ मध्ये अठराव्या वर्षी गादीवर बसला आणि १९१६ मध्ये गेला. अडुसष्ट वर्षांची सलग नोकरी. झोपायला साधी लोखंडी खाट, पहाटे चारच्या आधी उठणं आणि मग दिवसभर टेबलाशी बसून फायली. जगभरचे पर्यटक त्या खाटेकडे बघून हळहळतात. मावशीच्या डोळ्यांत मात्र एका खात्यातल्या माणसानं दुसऱ्याकडे बघावं तशी ओळख होती. “टेबल बघ, किती स्वच्छ आहे,” ती म्हणाली. “पेन्डिंग काही नाही.” या सम्राटाच्या पंगतीत त्याचं जेवण झालं की सगळ्यांच्याच थाळ्या उचलत, आणि तो खायचा भराभर. त्यामुळे टेबलाच्या टोकाला बसलेले सरदार उपाशीपोटी उठून जवळच्या हॉटेलात धाव घ्यायचे, असं म्हणतात. त्या हॉटेलाचं नाव झाखर. त्याच्याकडे पुढे यायचंच आहे.

फ्रान्झ जोसेफची बायको एलिझाबेथ, म्हणजे सिसी. टाचेपर्यंत केस. ते रोज विंचरायला दोन-तीन तास लागायचे आणि कोन्याक व अंड्याचं बलक लावून धुवायचे असले की अख्खा दिवस जायचा. दरबार तिला आवडत नसे, व्हिएन्ना त्याहून नसे, आणि तिशी उलटल्यावर तिनं फोटो काढून घेणंच बंद केलं. कुणी बघू नये म्हणून तोंडापुढे पंखा धरायची. १८९८ मध्ये जिनिव्हात एका अराजकवाद्यानं तिला भोसकलं. आज तिचा चेहरा नाही अशी वस्तू व्हिएन्नात सापडणं अवघड आहे. साबण आहे, रुमाल आहे, बिस्किटं आहेत. जिला शहरात दोन दिवस थांबायचा कंटाळा, तिला शहरानं कायमची दुकानात उभी केली.

याच सम्राटाची आणखी एक गोष्ट. शहराभोवतालचा तट पाडून त्यानं रिंगस्ट्रास हा रुंद रस्ता करायला घेतला आणि त्यावर ऑपेराचं थिएटर बांधायला काढलं. इमारत उभी राहत असतानाच लोकांनी नावं ठेवायला सुरुवात केली. रस्त्याची पातळी वर गेली, इमारत खाली बसल्यासारखी दिसते, असा ठपका. दोन वास्तुविशारदांपैकी एकानं १८६८ मध्ये आत्महत्या केली, दुसरा त्यानंतर काही आठवड्यांतच आजारानं गेला. सम्राटानंही टीका केली होती म्हणतात. या मृत्यूंचा त्यानं असा धसका घेतला की पुढे उरलेल्या आयुष्यात काहीही दाखवलं तरी तो एकच बोलायचा, फार छान होतं, मला फार आनंद झाला. माझ्या बायकोला ही युक्ती इतकी पसंत पडली की फॅमिली ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक फोटोखाली तिनं तेवढंच लिहायला सुरुवात केली. त्या दिवशी जेवायला बसल्यावर मावशीनं बटाट्याच्या सॅलडची खोलवर चौकशी केली, त्यात बीफचं पाणी घालतात असं कळलं, आणि शेवटी तिच्या वाट्याला तोडून-तोडून वाढलेलं गोड ऑम्लेट आणि आलुबुखाराचा मुरंबा आला (अंडं मावशीला परदेशात चालतं). तेव्हा तीही म्हणाली, फार छान, मला फार आनंद झाला.

ऑपेरात गेलो तो उभ्याच्या तिकिटावर. जगातल्या एका नामांकित थिएटरात, झुंबरं, संगमरवर, मखमल, गळ्यात मोत्यांच्या माळा घातलेल्या बायका, आणि मागे उभ्यांच्या जागेत रेलिंगला बांधलेले स्कार्फ. तिथली पद्धतच ती. आपली जागा धरायची, कठड्याला स्कार्फ बांधायचा आणि खुशाल बाहेर फिरून यायचं. कुणी हात लावत नाही. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकण्यात ज्यांची तरुणाई गेली त्यांना इथं काही शिकवावं लागत नाही. मावशीनं पर्समधून रुमाल काढला, गाठ मारली, वर सेफ्टी पिनही लावली. दोन अंक आम्ही उभ्यानं काढले. नायिका मरायला पाऊण तास घेत होती. शेजारचा म्हातारा व्हिएन्नाकर डोळे मिटून, ओठ हलवत, तिच्याबरोबर मरत होता. इथं मरणाला घाई नसते, हे मला त्याच्याकडे बघून पहिल्यांदा कळलं.

आणि हे खरंच आहे. कापुचिन चर्चच्या तळघरात १६३३ पासून हॅब्सबर्ग मंडळींना ठेवत आले आहेत. दीडशेच्या आसपास शवपेट्या. पण हे झालं देहाचं. कित्येकांची हृदयं वेगळी काढून ऑगस्टिनियन चर्चमध्ये ठेवली आहेत, चांदीच्या कुप्यांत, एकूण ५४. आणि आतडी वगैरे उरलेला ऐवज सेंट स्टीफनच्या तळघरात तांब्याच्या भांड्यांत. तीन चर्च, तिन्हींचा मान राहिला. तिकीट मात्र वेगवेगळं काढावं लागतं. मावशीनं हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “मग पिंडाला कावळा कुठे शिवायचा?” मी म्हटलं, यांच्यात ते नसतं. “नसेल. पण एका माणसाचे तीन पत्ते म्हणजे डिलिव्हरीला त्रासच.”

मारिया थेरेसा आणि तिच्या नवऱ्याची पेटी एका खोलीएवढी आहे. झाकणावर दोघं अर्धवट उठून एकमेकांकडे बघताहेत. कयामतीची तुतारी वाजली आणि दोघं एकदम जागे झाले, अशी कल्पना आहे म्हणे. चेहरे बघून मात्र ‘गॅस बंद केला होता का?’ असं कुणीतरी विचारल्यासारखं वाटतं. त्यांच्या पायाशी त्यांचा मुलगा दुसरा जोसेफ, नक्षी नसलेल्या साध्या तांब्याच्या पेटीत. या काटकसरी माणसाची गाठ पुढे पुन्हा पडते. आणि या सगळ्या खानदानी गर्दीत एकच बाहेरची बाई आहे, मारिया थेरेसाला लहानपणी सांभाळणारी काउंटेस फुक्स. मावशीनं तिच्यापुढे हात जोडले. बाकी कुणापुढे नाही.

इथं आत येण्याचीही रीत आहे. शेवटच्या सम्राटाचा मुलगा ओटो २०११ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारला. पेटी दाराशी आली. दार ठोठावलं. आतून पाद्र्यानं विचारलं, कोण आहे? बाहेरून त्याच्या सगळ्या पदव्यांची यादी वाचली, या राज्याचा राजपुत्र, त्या प्रांताचा ड्यूक. आतून उत्तर, आम्ही याला ओळखत नाही. पुन्हा ठोठावलं. या वेळी डॉक्टरेट, मानसन्मान, युरोपच्या संसदेतली कामगिरी. ओळखत नाही. तिसऱ्यांदा सांगितलं, ओटो, एक मर्त्य, पापी माणूस. दार उघडलं. तिथं लावलेली ही हकिगत मी मावशीला भाषांतर करून ऐकवली. “नावावरच काम होणार होतं, तर एवढी कागदपत्रं काढायला लावली कशाला?” ती म्हणाली.

बाहेर पडल्यावर कॉफी लागतेच. व्हिएन्नाच्या कॉफीचा उगम सांगतात तो १६८३ चा. तुर्कांनी शहराला दोन महिने वेढा घातला, सप्टेंबरात पोलंडच्या राजानं येऊन तो उठवला. (त्याच वर्षी आपल्याकडे संभाजी महाराज पोर्तुगीजांच्या गोव्यावर चालून गेले होते.) पळताना तुर्कांनी टाकलेली पोती लोकांना उंटाचा चारा वाटली, पण कोल्शित्स्की नावाच्या हेरानं ती ओळखली आणि पहिलं कॉफीहाउस काढलं, अशी कथा. कागदोपत्री पहिला परवाना दिसतो तो १६८५ चा, योहान्स दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याचा. पुतळा अर्थात कोल्शित्स्कीचा आहे. कॅफे सेंट्रलमध्ये तर दाराशीच एक लेखक बसलेला असतो, पीटर आल्टेनबर्ग. पत्रव्यवहारासाठीही तो याच कॅफेचा पत्ता द्यायचा. १९१९ मध्ये वारला, तरी उठलेला नाही. आता कागदाच्या लगद्याचा आहे आणि लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात.

आम्ही शिरलो ते एका बिननावाच्या, पण तितक्याच जुन्या कॅफेत. काळा सूट, बो-टाय घातलेला वेटर आपल्याला बघतो, बघितल्याचं कळू देत नाही आणि निघून जातो. याचा राग धरायचा नसतो. तो आपल्याला वेळ देतो आहे, असं समजायचं. मग चांदीसारख्या तबकात कॉफी आणि तिच्यासोबत न मागता पाण्याचा ग्लास. पाणी थेट आल्प्समधून, १८७३ पासून नळानं येतं, आणि आम्ही सकाळी दुकानातून बाटली विकत घेतली ती सोड्याची निघाली होती. एका कपावर इथं चार तास बसलं तरी कुणी उठवत नाही. खरी पंचाईत तीच. कप संपल्यावर मावशी चुळबुळायला लागली. “चला, लोक थांबले असतील.” कुणीही थांबलेलं नव्हतं. आयुष्यभर ‘विनाकारण बसू नये’ या पाटीखाली चहा प्यायलेल्या माणसाला विनाकारण बसणं जमत नाही. ते परंपरेनंच यावं लागतं.

तेव्हा बसण्याचं कारण म्हणून केक मागवला. १८३२ मध्ये चान्सलरकीच्या तोऱ्यातल्या मेटरनिखनं पाहुण्यांसाठी काहीतरी नवीन करा असं फर्मावलं, मुख्य आचारी आजारी, म्हणून फ्रान्झ झाखर या सोळा वर्षांच्या उमेदवारानं चॉकलेटचा केक केला. पुढे त्याच्या मुलानं तो डेमेल या शाही मिठाईवाल्याकडे असताना सुधारला आणि मग स्वतःचं हॉटेल काढलं. झालं. ‘अस्सल’ कुणाचा, यावरून झाखर हॉटेल आणि डेमेल १९५४ ते १९६३ कोर्टात होते. जर्दाळूचा जॅम केकच्या मधोमध की वरच्या थराखाली, हाही त्यातला मुद्दा. नऊ वर्षांत भांडण मिटलं याचं मला अप्रूप वाटलं. आपल्याकडे एवढ्यात जॅमचा पंचनामाही झाला नसता. केक स्वतः थोडा कोरडा असतो. हे व्हिएन्नात मोठ्यानं बोलू नये.

फ्रॉइडच्या घराबद्दल थोडक्यात. तो तिथं ४७ वर्षं राहिला, नाझींमुळे १९३८ मध्ये त्याला लंडनला जावं लागलं आणि रुग्णांचा तो जगप्रसिद्ध कोचही तिकडेच गेला. आता घर इथं आणि कोच तिथं. दोन शहरांची तिकिटं काढल्याशिवाय मनाचा तळ लागत नाही.

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. अगदी किराणासुद्धा. एवढ्या पर्यटकांच्या शहरात रविवारी एक वाटी साखर मिळायची मारामार, हे मावशीला पटेना. जिवंतांचं सगळं बंद होतं, म्हणून आम्ही मेलेल्यांकडे जायचं ठरवलं. त्यांना साप्ताहिक सुटी नसते.

मध्यवर्ती दफनभूमी नावालाच मध्यवर्ती आहे. ती आहे शहराच्या कडेला. ट्राम नंबर ७१. कुणी गेला की व्हिएन्नात ‘त्यानं ७१ पकडली’ म्हणतात. हे मी मावशीला ट्राममध्ये बसल्यावर सांगितलं. तिनं पर्समधून तिकीट काढून तपासलं. “चोवीस तासांचा पास आहे. त्याच्या आत परत यायचं.” दोन-अडीच चौरस किलोमीटरचा पसारा, आत फिरायला बस, आणि सुमारे तीस लाख माणसं पुरलेली. शहरात जिवंत माणसं वीस लाख आहेत. निवडणूक झाली तर सत्ता कुणाची येईल, हे सांगायला नको.

१८७४ मध्ये ही जागा उघडली तेव्हा एवढ्या लांब, उजाड माळावर यायला लोक नाखूश होते. मग नगरपालिकेनं डोकं लढवलं. मोठमोठ्या माणसांना आणून इथं पुरायचं, म्हणजे त्यांच्या मागोमाग बाकीचे येतील. १८८८ मध्ये बीथोवन आणि शूबर्ट या संगीतकारांना जुन्या दफनभूमीतून उकरून इथं आणलं. साठाहून जास्त घरं बदललेल्या बीथोवनला मेल्यावरही बिऱ्हाड हलवावं लागलं. शूबर्ट त्याच्या शेजारीच. मधे मोझार्टचं स्मारक, ज्याच्या खाली मोझार्ट नाही. आणि या सगळ्यांमधून फिरणारे गुबगुबीत हॅमस्टर, जे थडग्यांवरच्या मेणबत्त्यांचं मेण खातात. एकानं मावशीसमोर अख्खी वात ओढून नेली. “यांची मात्र मजा आहे,” ती म्हणाली.

तिथंच अंत्यविधींचं संग्रहालय आहे, ते रविवारी बंद, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पेटीतल्या माणसाला चुकून जाग आलीच तर ओढायला घंटेची दोरी आहे. आणि काटकसरी दुसऱ्या जोसेफची शवपेटी आहे. १७८४ चा हुकूम. तळाला झडप, कळ ओढली की माणूस खाली, पेटी रिकामी, पुढच्याला तयार. लोक इतके खवळले की सम्राटाला काही महिन्यांत हुकूम मागे घ्यावा लागला. मावशी त्या पेटीपुढे बराच वेळ उभी होती. “माणूस हुशार होता,” ती म्हणाली. “पण लोकांना विश्वासात घ्यायला हवं होतं.”

संग्रहालयाचं दुकानही आहे. खेळण्यातली शववाहिनी ट्राम आहे, ठोकळे जोडून करायची. आणि याच दफनभूमीतल्या मधमाश्यांचा मध. मावशीनं बाटली उजेडात धरली, रंग बघितला, झाकण तपासलं. मी म्हटलं, मावशी, अगं या फुलांच्या खाली काय आहे, विचार कर.

“सगळ्याच फुलांच्या खाली काही ना काही असतं,” ती म्हणाली आणि दोन बाटल्या काढल्या. एक घरात खोकल्याला. दुसरी विहीणबाईंना.

“त्यांना सांगणार आहेस कुठला मध आहे ते?”

“लेबल जर्मनमध्येच आहे ना?” मावशीनं बाटल्या काउंटरवर ठेवल्या. “मग झालं तर.”